मुक्यानं भरलेलं पाणी

मी या गावच्या चौकातली विहीर बोलतेय. म्हातारी म्हणा हवं तर, पण मेली म्हणू नका.

मला खणलं सॉर्ब लोकांनी, जर्मनीच्या पूर्व भागातल्या मूळच्या स्लाव्ह माणसांनी. तेव्हा इथे ना चर्च होतं, ना तट. गोडं पाणी लागलं म्हणून चार घरं झाली, चाराची चाळीस झाली. मग जर्मन व्यापारी आले. त्यांनी तट बांधला, बाजार भरवला, गावाला आपलं नाव दिलं. आजही वेशीवरच्या पाटीवर दोन नावं आहेत, वर जर्मन, खाली सॉर्ब, आणि माझी माणसं खालचं वाचतात. गाव दोनदा जळलं, दोन्ही वेळा माझ्याच पाण्यानं विझलं. मध्ये तर सॉर्ब भाषेत बोलणंच गुन्हा ठरलं. बायका माझ्या काठावरून आत वाकून बोलायच्या. मी कुणाकडे चुगली करणार!

ईस्टरचं पाणी मात्र मुक्यानं भरतात. सूर्य उगवायच्या आत यायचं, भरायचं, घरात पाऊल टाकेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. ते पाणी वर्षभर औषधाला चालतं. वाटेत बोललात की झालं ते बडबडं पाणी, घाला झाडांना! म्हणून टवाळ मंडळी बायकांना हसवायला टपलेली असतात.

पुढे जवळच कोळशाची खाण निघाली. तिच्या पंपांनी जमिनीतलं पाणी ओढून नेलं, मी ठणठणीत कोरडी पडले. लोकांनी माझ्यात काय काय टाकलं, सांगायची लाज वाटते. आता खाण बंद झालीय, पण नगरपालिकेनं ठरवलं, ईस्टरनंतरच्या मंगळवारी मला बुजवायचं आणि वर गाड्या लावायच्या.

चौकातच राहणारी हान्झा एकटी भांडली. "पंप थांबलेत, पाणी परत येणार!" महापौर बेनो तिचा सख्खा भाचा. तो हसायचा. "आत्या, पाणी दाखव, लगेच मातीचा ट्रक थांबवतो."

मी आटल्यापासून बायका ईस्टरचं पाणी नदीवरून आणतात, पण त्या पहाटे ती नदीवर गेली नाही, माझ्याकडे आली. तिनं घागर काठावर ठेवली आणि बादलीचा दोर सोडला. माझ्या तळाशी नुकताच पाझर फुटला होता. बादली बुडाली तशी म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. मलाही रडू आलं असतं, पण ते पाणी मला वाया घालवायचं नव्हतं.

तेवढ्यात अंधारातून बेनो आला. ईस्टरच्या घोडेस्वारांच्या मिरवणुकीसाठी नटलेला, काळा कोट, उंच टोपी.

"काय आत्या, बेडूक तरी गावला का?"

ती दोर ओढत राहिली.

"पाणी असेल तर हो म्हण की! आत्ता म्हण, आत्ता ट्रक रद्द."

हान्झाचे ओठ हलले. एका शब्दात मी वाचले असते, पण इतक्या वर्षांनी आलेलं माझं पहिलं पाणी बडबडं झालं असतं. तिनं ओठ घट्ट मिटले.

"नाही ना? मग मंगळवारी..."

हान्झानं बादली उचलली आणि त्याच्या डोक्यावर रिकामी केली.

"अगं आई गं! आत्या, किती गार आहे हे पा..." बेनो मध्येच थांबला. टोपीतून निथळणारं पाणी त्यानं ओंजळीत धरलं, नुसता बघत राहिला. हान्झानं पुन्हा दोर सोडला, घागर भरली आणि त्याच्याकडे ढुंकूनही न बघता घरात गेली. दार लागलं, आणि आतून चौकभर आवाज आला,

"बेन्या, मेल्या, आधी ट्रकवाल्याला फोन कर! मग ये डोकं पुसायला!"

मंगळवारी ट्रक आला नाही. पण माणसांचे ठराव बदलायला कितीसा वेळ लागतो? मी आपली भरत राहीन. बायांनो, तुम्ही दोर सोडत राहा.