डॉक्टरदादा

"हे थेंब घ्यायला कोणी सांगितलं?" डॉक्टरीणबाईंनी तपकिरी बाटली उजेडाकडे धरून विचारलं.

दादा दवाखान्यातल्या खाटेच्या पायथ्याशी उभे होते. ते तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची धाकटी बहीण उशीवरूनच म्हणाली, "मीच घेतले. मोबाइलवर पाहिलं होतं."

धाकटीला मोबाइलवर आलेला फोन उचलण्यापलीकडे काही येत नव्हतं. तिच्या लेकीने एकदा आईकडे, एकदा मामाकडे पाहिलं.

दादांनी उभा जन्म पाण्याचे मीटर वाचण्यात घालवला होता. लोक फाटक उघडत, मीटरकडे बोट दाखवत आणि आत निघून जात. घरीही फार वेगळं नव्हतं. कुठल्याही विषयात त्यांनी तोंड घातलं की मुलं म्हणत, तुम्हाला नाही कळायचं, बाबा. निवृत्तीनंतर वेळ खायला उठला, तेव्हा मोबाइलवर त्यांना एक गृहस्थ भेटले. पांढरा कोट, गोड वाणी. कुठे शिकले ते कधी सांगत नसत, पण सगळ्या थकव्याचं मूळ म्हणजे आयोडीनची कमतरता आणि डॉक्टर हे मुद्दाम लपवतात, हे मात्र रोज सांगत. दादांनी ते नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवायला सुरुवात केली. खाली हात जोडलेली चित्रं येऊ लागली. कोणीतरी गमतीने 'डॉक्टरदादा' म्हटलं आणि दादांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

धाकटीला मात्र लहानपणापासून दादा म्हणेल ती पूर्व दिशा. ती थकलेय म्हणाली, तर त्यांनी आयोडीनच्या थेंबांची बाटली स्वतः नेऊन दिली. सुरुवातीला तिला तरतरी आली, तिने सगळं घर घासून काढलं. मग हात थरथरू लागले. कपडे अंगावर लोंबायला लागले, झोप उडाली. बसल्या जागी छाती धडधडते, म्हणाली. दादांनी त्या गृहस्थांना लिहून विचारलं. उत्तर आलं की शरीर विष बाहेर टाकतंय, चांगलं लक्षण आहे, थेंब वाढवा. दादांनी धाकटीला थेंब वाढवायला सांगितले.

आता खाटेजवळ डॉक्टरीणबाई समजावत होत्या. शरीराला आयोडीन लागतं ते कणभर, आणि बहुतेकांना ते मिठातून मिळतं. या थेंबांतून एका दिवसात कित्येक महिन्यांचं पोटात जात होतं. धाकटीच्या गळ्यात, थायरॉइडवर, एक जुनी, निमूट बसलेली गाठ होती. या माऱ्याने ती बेफाम झाली आणि हृदयाचा ठेका चुकला. औषधांनी आटोक्यात येईल, पण वेळ लागेल.

"थेंब मी आणून दिले," दादा म्हणाले. "त्रास व्हायला लागल्यावर वाढवायलाही मीच सांगितलं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं दादांना वाटलं. त्यांनी फक्त किती थेंब, कधीपासून, एवढं विचारून घेतलं. भाची खिडकीकडे तोंड करून उभी होती.

घरी आल्यावर दादा फोन घेऊन बसले. ग्रुपवर लिहिलं तर पुन्हा हात जोडलेली चित्रं येतील, म्हणून त्यांनी एकेकाला फोन केला. थेंब घेत असाल तर बंद करा आणि डॉक्टरांना दाखवून घ्या, माझं चुकलं. मावसभाऊ हसला. म्हणाला, आम्ही कुठे घेत होतो, तुला वाईट वाटू नये म्हणून हात जोडायचो. चुलतबहिणीने तर पाठवलेलं कधी उघडलंच नव्हतं. शेवटचा फोन ठेवला तेव्हा दादांचा जीव भांड्यात पडला होता, आणि तरी छातीत काहीतरी टोचत होतं. एवढ्या गोतावळ्यात त्यांचं खरं मानलं होतं ते एकट्या धाकटीने.

धाकटी घरी आली, त्या दुपारी ते तिच्याकडे गेले. भाचीने दार उघडलं, पाणी दिलं, पण मामा म्हणून हाक मारली नाही. धाकटी पलंगावर टेकून बसली होती. गोळ्यांची वेळ झाली होती. लेकीने दिलेली गोळी तिने तळहातावर घेतली. हात अजून जरा कापत होता. ती दादांकडे पाहत थांबली.

"घेऊ ना रे?"

भाचीने पाण्याचा पेला जवळ आणून ठेवला. दादांनी चष्मा लावला. डॉक्टरीणबाईंचा कागद मागून घेतला, गोळीच्या पाकिटावरचं नाव एकेक अक्षर करत त्याच्याशी ताडून पाहिलं, आणि पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांनी पाण्याचा पेला उचलून तिच्या ओठांशी धरला.

"त्यांनी सांगितलंय," ते म्हणाले. "घे."