कोंबड्यांची अढी

मे महिन्यात बुरोंडीत घरोघरी पेंढ्यात आंबे पिकवायची अढी लागते, आणि पत्र्याच्या शेडमध्ये कोंबड्या उकाड्याने माना टाकतात. कमळाच्या शेडमध्ये रोज एक-दोन जात होत्या. पुरायच्या म्हटलं तर जमीन कातळाची. पहार वीतभर खाली गेली की खणकन वाजते. उथळ पुरलेली एक कोंबडी कुत्र्याने उकरली आणि नेऊन ठेवली ती नेमकी शेजारच्या मालिनीकाकूंच्या तुळशीपाशी.

"पुन्हा असं झालं तर ग्रामसभेत शेड बंद करायला लावीन," काकूंनी बजावलं. कमळाचं घर त्या शेडवरच चालत होतं.

गुरांच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला होता. रोगाने नव्हे, उकाड्याने मेलेल्या कोंबड्या पेंढ्यात रचायच्या. कुजून खत होतं. पेंढ्यात रचायचं म्हटल्यावर कमळाने पुढचं फारसं ऐकलंच नाही. कोरडा पेंढा, त्यावर एकीला एक लावून कोंबड्या, अगदी कडेपर्यंत. शिवाय रोज सकाळी उघडून बघणं. आठवडाभरात वास सुटला, कुत्री घिरट्या घालू लागली. तिने घाबरून डॉक्टरांना फोन केला.

"पाणी शिंपडलंत?"

"अढीत कुठं पाणी शिंपडतात?"

"ताई, तुम्ही आंबे पिकवताय काय?"

ओसरीवर सासरे आत्माराम खो-खो हसले.

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं तसं कमळाने सगळं नव्याने रचलं. खाली जाड पेंढा, त्यावर शेडमधलं विष्ठा मिसळलेलं भाताचं तूस. कोंबड्या सुट्या सुट्या, कडेपासून आत. मुठीत ओल लागेल पण थेंब पडणार नाही इतकंच पाणी. वर पुन्हा जाड थर, भोवती बांबूचा कूड.

उघडायचं मात्र नाही, हे जड गेलं. हात गेलाच की आत्माराम ओरडायचे, "कमळे, हात मागे! पहार खुपसून बघ." पहार खुपसून काढली, तर टोक चटका देण्याइतकं गरम. आत काम चाललं होतं.

काही दिवसांनी काकू आल्या, कुडाला टेकून म्हणाल्या, "हल्ली वास नाय गो. टाकतेस कुठं कोंबड्या?"

कमळाने कुडाकडे बोट केलं. "टेकलात ना, तिथंच."

काकूंनी झटकन हात काढला, हुंगला. मग वाकून ढीग हुंगला.

"आणि कुत्रा?"

"येतो, फिरतो, जातो."

काकूंनी वर आभाळाकडे पाहिलं. "पावसाआधी वर काहीतरी घाल. भिजून घाण सुटली तर बोलेन मी ग्रामसभेत."

"घालते, काकू."

त्या दुपारी कमळा ढिगावरच्या छपरासाठी माडाच्या झावळ्यांची झापं विणायला बसली.