क्रूसाची अर्धी खूण

वसईतल्या गिरीज गावच्या मटिल्डाबाई संध्याकाळी जपमाळेला बसल्या, की त्यांचे ओठ प्रार्थना म्हणत आणि डोळे घरभर फिरत. कोणी जांभई दिली, कोणी मोबाईल चाळला, सगळं त्यांना दिसे. मग सुनेची, डायनाची, लबाडी कशी सुटेल? "पित्याच्या, पुत्राच्या" म्हणत क्रूसाची खूण करताना तिचा उजवा हात कपाळापर्यंत जातच नव्हता! छातीपाशी काहीतरी गिरवल्यासारखं करून ती तो मांडीवर ठेवी.

एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं, की त्याला रोज नवा पुरावा सापडतो. भिंतीवरच्या अल्तारातली, म्हणजे देव्हाऱ्यातली, फुलं डायना बदलेनाशी झाली. चर्चमध्ये मिस्सेला जाताना घालायचा अंबाडा गेला, तिने केसच कापून घेतले. शिवाय दर गुरुवारी दुपारी "माणिकपूरला जाऊन येते" म्हणून निघे. कशाला, ते सांगत नसे.

शेजारच्या मेरीने आगीत तेल ओतलं. "माणिकपूरला त्या नव्या प्रार्थनासभेची माणसं जमतात म्हणे. तिकडे गेलेले क्रूसाची खूण करत नाहीत हां!"

मटिल्डाबाईंनी मुलाचे, ॲन्सेल्मचे, कान भरले. केळीच्या वाडीत दिवसभर राबून आलेला ॲन्सेल्म बायकोशी बोलेनासा झाला. एका छपराखाली दोन घरं झाली. डायना मुकाट्याने ताटं वाढी, तीही डाव्या हाताने. त्याचाही मटिल्डाबाईंना रागच येई.

अखेर त्यांनी चर्चच्या फादर ऑगस्टीनना चहाला बोलावलं. चोर रंगेहाथ पकडायचाच, असा बेत!

"फादर, चहाआधी छोटीशी प्रार्थना घ्या ना," त्या साळसूदपणे म्हणाल्या.

सगळ्यांचे हात कपाळाला गेले. डायनाचा छातीपाशीच अडला.

"बघितलंत फादर! विचारा हिला, गुरुवारी कुठे जाते ती! आमची खूण करायची लाज वाटते हिला!"

फादर मात्र तिच्या खांद्याकडे बघत होते.

"डायना, हात मागे नेऊन कमरेला लाव बघू."

तिने प्रयत्न केला. हात कुशीपाशीच अडकला. मग फादरांनी स्वतः तिचं कोपर धरून हात हलकेच वर नेऊन पाहिला. अर्ध्यावरच ती कळवळली.

"रात्री या कुशीवर झोपता येतं?"

"नाही फादर. कित्येक महिने झाले."

"मग घरात सांगितलं का नाहीस?"

डायनाने मान खाली घातली. "सांगितलं होतं. आई म्हणाल्या, वाडीत राबून आमचे कधी दुखले नाहीत खांदे, कामाचा कंटाळा आला की असंच दुखतं. मग गप्प बसले. माणिकपूरला एक मालिशवाला आहे. तो हात ओढून मोकळा करतो म्हणाला, म्हणून गुरुवारी जाते. पण दर वेळी जास्तच दुखतं."

ॲन्सेल्मने चमकून बायकोकडे पाहिलं.

"मटिल्डाबाई, मीही यातून गेलोय," फादर म्हणाले. "मिस्सेत चषक वर उचलता येईना. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा. सांध्याचं आवरण सुजून आखडतं. मग हात आपल्याने उचलवत नाही, दुसऱ्याने उचलला तरी वर जात नाही. चाळिशी-पन्नाशीत होतो हा आजार, मधुमेह असला तर जास्तच. त्यात ओढाओढ केली की आणखी बिघडतो. आणि एक सांगू? ही दुसऱ्या प्रार्थनेला गेली असती, तरी आधी तिलाच विचारायचं होतं. तुम्ही शेजारणीला विचारलंत, मला बोलावलंत. जिचा हात, तिलाच तेवढं विचारायचं राहिलं!"

मटिल्डाबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. स्वतःचीच त्यांना लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी ॲन्सेल्म डायनाला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. एक्स-रेत काही निघालं नाही, फादरांचाच अंदाज खरा ठरला. रक्तातली साखर मात्र वाढलेली निघाली, आणि घरात कुणाला त्याचा पत्ताच नव्हता! मालिश बंद झाली. गोळ्या, गरम शेक आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम सुरू झाले. "वेळ लागेल, पण हात सुटेल. घाई करू नका," असं डॉक्टरांनी बजावलं.

भिंतीवर बोटं चालवत हात हळूहळू वर न्यायचा, हा त्यातला एक व्यायाम. त्यासाठी मटिल्डाबाईंनी अल्ताराखालची भिंत मोकळी करून दिली. "आज कालच्यापेक्षा वर गेलीस गं बाय!" त्या म्हणत. मेरी पुन्हा कुजबुजायला आली, तेव्हा त्यांनी तिला दारातूनच सांगितलं, "तिचा खांदा दुखतोय. माझंच चुकलं."

वाचकहो, मोडलेलं हाड प्लास्टरमुळे दिसतं, आखडलेला खांदा दिसत नाही. पण न दिसणारं दुखणं खोटं नसतं! घरातलं माणूस रोजची गोष्ट करेनासं झालं, तर आधी त्याला मायेने विचारा आणि वेळेत डॉक्टरांकडे न्या. संशयाने आजवर कुणाचा सांधा सुटलेला नाही.

पुढे एका संध्याकाळी जपमाळेला डायनाचा हात सावकाश वर गेला आणि थेट कपाळाला टेकला. ॲन्सेल्मचे डोळे भरून आले. मटिल्डाबाईंना मात्र ते दिसलंच नाही. त्या डोळे मिटून प्रार्थना करत होत्या.