दुसरा खटका

माझा भाऊ आता फार मोठा माणूस आहे. त्याने मोजलेला आकडा शाळेच्या पुस्तकात आहे. पोरं तो घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. त्याच्यावर लिहिणारे लोक अधूनमधून माझ्याकडे येतात आणि विचारतात, लहानपणी तो कसा होता? कसा असणार, शेंबडा होता. शेजाऱ्यांचे चष्मे पळवायचा आणि त्यांची भिंगं काढून बसायचा, म्हणून आम्ही त्याला भिंग्या म्हणायचो. एवढं सांगितलं की ते खूश होऊन वहीत लिहून घेतात आणि जातात. तळघराचं मात्र मी कोणाला सांगितलेलं नाही. आज सांगते, कारण या वयात मला वेडी ठरवून कोणाच्या हाती काही लागणार नाही.

भिंग्या तेव्हा पंचविशीत होता आणि मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. विद्यापीठातल्या त्याच्या साहेबांना तो डोळ्यांसमोर नको असायचा. साहेबांनी छापलेला एक आकडा चुकीचा आहे, असं या शहाण्याने चारचौघांत बोलून दाखवलं होतं. साहेबांनी त्याला हाकललं नाही. त्यांनी त्याला तळघरातली एक खोली दिली आणि म्हणाले, "चूक आहे ना, मग मोजून दाखवा. वर्ष संपायच्या आत वीस पट्ट्या माझ्या टेबलावर ठेवा, नाहीतर जागा खाली करा." जागा खाली करायची म्हणजे मामाच्या साबणाच्या कारखान्यात कढया ढवळायला जायचं. मामा तर टपूनच बसला होता. फार शिकलेल्या भाच्याला कढईपाशी उभं करायची त्याला भारी हौस.

काम काय होतं ते सांगते. मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल. नखाएवढी एक काच आणि तिच्यावर कसलीशी भुकटी फासलेली. काचेसमोर भिंतीत बसवलेली शिशाची डबी, तिच्या दाराची कडी पलीकडच्या खोलीत, आणि डबीत किरणं सोडणारा एक कण. डबीचं दार उघडलं की काचेवर ठिणग्या उडायच्या, पण इतक्या बारीक की जरा उजेड असला तरी दिसायच्या नाहीत. म्हणून आधी अर्धा तास मिट्ट काळोखात नुसतं बसायचं. आई म्हणायची, "डोळे मुरू देत." मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि ठिणगी दिसली की खटका दाबायचा. खटक्याची तार भिंतीपलीकडच्या खोलीत गेलेली. तिथे कागदाची लांब पट्टी सरकत असायची, आणि आम्ही खटका दाबला की तिच्यावर टिंब उठायचं.

बघायला माणसं दोन लागायची. काचेच्या दोन बाजूंना दोघं, मधे फळी, म्हणजे एकाचं ऐकून दुसऱ्याने दाबायला नको. पट्टीवर दोघांची टिंबं जोडीने आली तर ठिणगी खरी. एकटंच टिंब असलं तर कोणाचातरी डोळा फसलेला. आणि डबीचं दार जो उघडतो, त्याने खटक्याला बसायचं नाही. त्याला माहीत असतं ना, आणि ज्याला माहीत असतं त्याला नसलेलंही दिसतं. हा नियम भिंग्याचाच.

तेव्हा भिंग्या पलीकडच्या खोलीत, आणि आत आई आणि मी. आईने तीस वर्षं एका शिंप्याकडे काजं केली होती, नजर सुईसारखी. पण खटक्याच्या बाबतीत ती महाकडक. दिसलं तरच दाबायची. "वाटलं म्हणजे दिसलं नव्हे," असं मला दहादा ऐकवायची. मी उतावळी. त्यामुळे पट्टीवर माझं टिंब आधी आणि आईचं केसभर मागून, कायम. भिंग्या हसायचा, "ताई आधी दाबते आणि मग बघते."

त्या खोलीच्या भिंतींना ओल होती. शेगडी पेटवायची सोय नव्हती, काच खराब व्हायची म्हणे. तिसऱ्या आठवड्यात आईला खोकला लागला. मी म्हटलं, आता पुरे. भिंग्या म्हणाला, "चौदा झाल्या ताई, सहाच राहिल्या." आईही त्याच्याच बाजूने. मी हात टेकले. खोकला छातीत उतरला आणि आठ दिवसांत आई गेली. शेवटचे दोन दिवस ती काही बोललीच नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर मी भिंग्याला एकदाच म्हटलं, "तुझ्या ठिणग्यांनी नेलं तिला." त्याने मान वर केली नाही. बोलायला नको होतं मी. पण तोंडातून गेलं ते गेलं.

पंधरवडा गेला. एका सकाळी तो माझ्याकडे आला, दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर लावलेली.

"ताई, सहा पट्ट्या राहिल्यात."

"मग मी काय करू? दुसरं माणूस आण."

"कोण येणार? साहेबांना घाबरून शिपाईसुद्धा तळघरात उतरत नाही." मग खाली बघत म्हणाला, "तू दोन्ही खटके दाब. उजव्या हाताने तुझा आणि डाव्याने आईचा. जरासा मागून. साहेबांना कळणार नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मेल्या, आईच्या खटक्यावर खोटं दाबू? ती असती तर थोबाड फोडलं असतं तुझं." तो म्हणाला, "माहीत आहे." आणि रडायला लागला. पंचवीस वर्षांचा घोडा, पण रडताना अगदी सहा वर्षांचा दिसायचा. आईने जीव घालवला तो काय त्याला साबण ढवळायला पाठवायला? मी चप्पल घातली आणि निघाले.

बाहेर लख्ख ऊन होतं, सकाळचे अकरा वाजले असतील. तळघराच्या पायऱ्या उतरले, दार लावून घेतलं आणि काळोखात बसले. आईचं स्टूल फळीपलीकडे रिकामं. तिचा खटका मी तारेसकट माझ्या बाजूला ओढून घेतला आणि अर्धा तास डोळे मुरवत बसले. मग भिंतीवर टकटक झाली, म्हणजे भिंग्याने डबीचं दार उघडून पट्टी सुरू केली होती.

पहिली ठिणगी दिसली. मी माझा खटका दाबला, आणि आईचा दाबणार तोच तो माझ्या बोटाखालून खाली गेला.

मला वाटलं, मीच दाबला असेल. दुसरी ठिणगी आली. पुन्हा तेच, माझ्याहून केसभर मागून. मी डावा हात उचलून मांडीवर ठेवला. तिसरी ठिणगी. डाव्या बाजूला टप् असा बारीकसा आवाज आला. खटक्यांना खाली लोकर लावलेली होती, आवाज तेवढाच यायचा. अंगावर सरसरून काटा आला. पण बाई, मी उठले नाही. उठले असते तर पट्टी फुकट गेली असती, आणि आईला कामाच्या मधे उठलेलं खपत नसे. मी भिंगाला डोळा लावून बसून राहिले आणि डावीकडे टप् टप् होत राहिलं. एकदा मला ठिणगी दिसल्यासारखं वाटलं आणि मी दाबलं. डावीकडे काहीच वाजलं नाही.

बाहेर आले तर भिंग्या पट्टी दिव्याखाली धरून बसलेला. "छान जमवलंस," म्हणाला. मग त्याने मोजपट्टी घेतली. दोन टिंबांमधलं अंतर मोजलं, आईच्या जुन्या पट्ट्या काढून त्यांच्यावरचं मोजलं, पुन्हा हे मोजलं.

"ताई, हे तू कसं केलंस?"

"मी नाही केलं."

"असं नको करू. खरं सांग."

"खरंच सांगते. माझा डावा हात मांडीवर होता."

तो म्हणाला, इतके दिवस आईशेजारी बसून तुझ्या हाताला तिची सवय लागली असेल, आणि तुला ते कळतही नसेल. दुःखात माणसांना होतं असं. मी म्हटलं, बरं. त्याच्याशी वाद घालायचं त्राणच नव्हतं माझ्यात.

पाच दिवसांत आणखी पाच पट्ट्या झाल्या. रोज मी डाव्या हाताची मूठ वळून पदरात धरायची आणि रोज शेजारी टप् टप् व्हायचं. चौथ्या दिवसापासून मी बसता बसता "आले गं" म्हणायला लागले. भीती गेली नव्हती. पण घरी परतले की तिथली आईची जागा नुसती रिकामी असायची, आणि तळघरातली तशी नव्हती.

वीस पट्ट्या पुऱ्या झाल्या. आकडा साहेबांच्या आकड्याशी जुळत नव्हता. भिंग्याचं म्हणणं खरं ठरत होतं. पण या पठ्ठ्याच्या घशाखाली घास उतरेना. शेवटच्या सहा पट्ट्यांवर आईची टिंबं मी उठवलेली असतील तर सगळं खोटं. आणि मी उठवलेली नसतील तर, हे वाक्य तो पुरंच करायचा नाही.

द्यायच्या आदल्या दिवशी म्हणाला, "आज आईच्या खटक्यावर मी बसतो. दार तू उघड."

"आणि माझ्या बाजूला कोण?"

"कोणी नको. तो खटका आपोआप चालतो का, मला तेवढंच बघायचंय."

तो आत गेला. मी पलीकडच्या खोलीत शिशाच्या डबीपुढे उभी. अर्धा तास झाला. हात दाराच्या कडीवर होता, आणि मग माझ्या मनात आलं, थांब. आज दार उघडलं आणि खटका चालला, तर हा म्हणेल ठिणगी बघून माझंच बोट गेलं. पण दार बंद ठेवलं तर? काचेवर काहीच नसताना खटका वाजला, तर मग ते आमचं वेड. आई नव्हे, ती दिसल्याशिवाय दाबायची नाही. मलाही जाणून घ्यायचंच होतं, मी ठार वेडी झालेय की नाही. शास्त्र काय त्याच्या एकट्याच्या बापाचं होतं?

मी दार बंदच ठेवलं. भिंतीवर टकटक केली आणि पट्टी सुरू केली.

तासभर पट्टी सरकत होती, कोरी. भिंतीपलीकडून त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. एकदा आवाज चढला, मग हुंदके. दोनदा हात कडीकडे गेला, दोनदा मागे घेतला. पट्टीवर एक टिंब उठलं नाही.

बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. कोऱ्या पट्टीकडे नुसतं बघून म्हणाला, "नाही आली. सगळं तूच केलंस, ताई. तुझा दोष नाही." आणि त्याने कपाटातून शेवटच्या सहा पट्ट्या काढल्या आणि फाडायला घेतल्या.

"थांब," मी म्हटलं. "दार बंद होतं."

"कुठलं दार?"

"डबीचं. मी उघडलंच नाही. काचेवर काही नव्हतंच."

फाडायला घेतलेल्या पट्ट्या त्याने खाली ठेवल्या. त्याचं डोकं चालताना मला नेहमी दिसायचं, कपाळावरची शीर उडायची. ती उडाली.

"म्हणजे काही नव्हतं, म्हणून तिने दाबलं नाही," तो हळूच म्हणाला. "म्हणजे त्या सहा पट्ट्या खऱ्या आहेत."

"खऱ्या आहेत."

मला वाटलं, आता हसेल. तो खालच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"मी तिला आत विचारत होतो, ताई. म्हटलं, तुला मी इथे बसवलं, मी मारलं. माझ्यावर राग नसेल तर एकदा दाब. एकदाच. तासभर तेच म्हणत होतो."

मी म्हटलं, "चल, ऊठ. आता उघडते दार. पुन्हा बस."

त्याने मान हलवली. "आता दाबलं तरी ठिणगी बघून दाबेल. माझ्यासाठी दाबलं का, ते मला कसं कळणार?"

मी दार बंद ठेवलं होतं, माझ्या शहाणपणाने. आणि खरं सांगते, त्या दिवशी मला स्वतःपेक्षा आईचा राग आला, जिवंतपणी कधी आला नव्हता इतका. जन्मभर खरं वागलीस, कबूल. पण पोटचं पोर तासभर काळोखात रडत असताना एक टिंब खोटं दिलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?

दुसऱ्या दिवशी वीस पट्ट्या साहेबांच्या टेबलावर गेल्या. साहेबांनी खूप खुसपटं काढली, पण आकडा टिकला. पुढे माणसांऐवजी यंत्रं मोजायला लागली, त्यांनीही तोच काढला. त्यानंतर सगळं झालं, मानपत्रं, फोटो, परदेशी पाहुणे. भिंग्या त्या खोलीत पुन्हा उतरला नाही, मीही नाही.

ती एकविसावी, कोरी पट्टी त्याने कोणाला दिली नाही. त्याच्या कपाटात आहे. आता दोघंही म्हातारे झालोय. मी त्याच्याकडे गेले की कधीकधी तो ती काढून खिडकीशी बसलेला असतो, कागद अगदी डोळ्यांजवळ धरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. परवा मी विचारलं, काय शोधतोस रे?

"काही नाही," म्हणाला. "पुसटसं एखादं टिंब असेल, तेव्हा बघायचं राहिलं असेल."