टाकी नितळ झाली

अलिबाग तालुक्यात, खाडीच्या काठाला, कमलेशभाईंचा पामतेलाचा कारखाना होता. परदेशातून बोटीने आलेलं कच्चं तेल टँकरने तिथे यायचं, शुद्ध व्हायचं आणि बिस्किटं-वेफर्स करणाऱ्यांकडे जायचं. शुद्ध करताना जे पाणी निघायचं त्याला मात्र गिऱ्हाईक नव्हतं. तेलकट, आंबूस वासाचं ते पाणी स्वच्छ करून मगच खाडीत सोडायचं, हे काम मैत्रीकडे होतं.

मैत्री माणगावची. वडील शाळेत शिक्षक, ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. नोकरीला लागली त्याच आठवड्यात कमलेशभाई तिच्या टाक्या बघायला आले.

"मैत्रीबेन, इथे मशीन तर काही दिसत नाय. मग पाणी साफ करतं कोण?"

"जिवाणू," मैत्री म्हणाली. "आधी वर तरंगणारं तेल आपण काढून घेतो. मग पाणी त्या बंद टाकीत जातं. तिथल्या जिवाणूंना हवा लागत नाही. ते विरघळलेलं तेल तोडतात, त्यातून गॅस निघतो, तो आपण बॉयलरला जाळतो. उरलेली घाण या उघड्या टाकीत येते. इथे खालून ब्लोअरने हवा सोडतो. इथले जिवाणू हवेवर जगतात, घाण खातात, वाढतात. मग पुढच्या टाकीत त्यांचा गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी स्वच्छ निघतं."

"पगार नाय?"

"नाही."

"वीकली ऑफ?"

"नाही. उलट हवा बंद केली तर मरतात."

"युनियन?"

"एकमेकांना चिकटून राहतात, तेवढंच."

कमलेशभाई भारावले. चाळीस वर्षं कारखानदारी करून असा स्टाफ त्यांना मिळाला नव्हता. पुढच्याच आठवड्यात टाकीपाशी एक बोर्ड लागला: 'आमचे अदृश्य कर्मचारी'. त्यावर पिवळं हेल्मेट घातलेला, गोबऱ्या गालांचा एक जिवाणू हसत होता.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका परदेशी बिस्किट कंपनीचे लोक पाहणीला येणार असं कळलं. त्यांना पर्यावरणाची फार काळजी होती आणि ती काळजी बिस्किटाच्या पुड्यावर छापायची होती. कमलेशभाईंनी गेटपासून रंगकाम काढलं, फुटपाथला पांढरे-लाल पट्टे मारले, शोभेची झाडं कुंड्यांसकट भाड्याने आणली. पाहुण्यांच्या वाटेने स्वतः चालून पाहताना ते उघड्या टाकीशी थबकले. टाकीत चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी पाणी खदखदत होतं, वर फेस होता.

"आ शुं? इतकं घाणेरडं?"

"हाच तर जिवंतपणा आहे. तपकिरी रंग म्हणजे जिवाणू. ओल्या मातीसारखा वास येतोय ना? म्हणजे तब्येत ठणठणीत."

"पण पाहुण्यांना तब्येत नाय दिसणार, बेन. त्यांना तपकिरी दिसणार. साफ करून घ्या."

"ही टाकी साफ करायची नसते, साहेब. ही टाकीच साफ करते."

कमलेशभाईंनी मान डोलावली. ते पटलं म्हणून मान डोलावतात असं मैत्रीला वाटायचं. प्रत्यक्षात विषय संपला म्हणून डोलावायचे.

रविवारी मैत्री चुलतबहिणीच्या लग्नाला माणगावला गेली. सोमवारी परत आली तेव्हा ब्लोअर बंद होता आणि टाकीतलं पाणी हिरवट, नितळ, एखाद्या बंगल्यातल्या पोहण्याच्या तलावासारखं दिसत होतं. काठावर ब्लीचिंग पावडरच्या रिकाम्या गोणी, तुरटीचे तुकडे आणि फिनेलचे डबे पडले होते. साफसफाईच्या ठेकेदाराने मन लावून काम केलं होतं; बंद टाकीतही त्याने ब्लीचिंगचं पाणी ओतलं होतं. फिनेल गुलाबाच्या वासाचं होतं.

मैत्रीने बाटलीत पाणी घेतलं, तळाचा गाळही घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला. एरवी तिथे जत्रा असायची. घंटेच्या आकाराचे, देठावर डुलणारे, भिरभिरणारे, गाळाच्या पुंजक्यांतून वाट काढणारे. आता सगळं जिथल्या तिथे पडलं होतं. तिने दुसरा थेंब घेतला, मग तिसरा. मग नुसतीच स्टुलावर बसून राहिली. कोणाला सांगून रडावं असं हे प्रकरण नव्हतं. कोण गेलं, असं कोणी विचारलं असतं तर काय सांगणार?

"सगळे मेले," तिने कमलेशभाईंना फोनवर सांगितलं.

"कोण?" ते घाबरून ओरडले. टाकीतले, असं कळल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. "अरे बेन, मला वाटलं माणसं. उद्या पाहुणे गेले की बघू."

पाहुणे आले. टाकीत वाकून त्यांनी स्वतःची प्रतिबिंबं पाहिली आणि ते फार खूश झाले. इतकी स्वच्छ टाकी आपण कुठल्याच देशात पाहिली नाही, असं त्यांच्या प्रमुख बाई म्हणाल्या. खरंच पाहिली नसणार. हेल्मेटवाल्या जिवाणूशेजारी उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. मैत्रीला बोलायला पुढे केलं तेव्हा ती म्हणाली, "सध्या इथे कोणी काम करत नाही." कमलेशभाईंनी इंग्रजीत भाषांतर केलं, "पूर्णपणे स्वयंचलित."

दोन दिवसांत नितळपणा उतरला. कारखान्यातून तेलकट पाणी येतच होतं, पण खाणारं कोणी नव्हतं. जसं आत येत होतं तसंच बाहेर जात होतं. टाकीतून सडक्या अंड्यांचा वास सुटला, आणि ओहोटीला खाडीच्या चिखलावर पांढऱ्या लोण्यासारखा थर दिसू लागला.

कोळीवाड्यातली ठमी जाळं खांद्यावर टाकून गेटवर आली. मागे आणखी चार बाया होत्या. जाळ्याची भोकं थिजलेल्या तेलाने बुजली होती. तिने ते मैत्रीपुढे धरलं.

"ये बाय, यात आता मासली शिरंल कशी? तुमच्या कंपनीनं खाडीला फोडनी दिली का काय?"

कमलेशभाई खाली आले, हात जोडले आणि प्रत्येकीला तेलाचा एकेक डबा देऊ केला.

"तेल कशाला?" ठमी म्हणाली. "जाल्याला लागलंय तेवरा बस हाय."

मैत्री मागे गेली आणि खाडीकडे जाणाऱ्या पाण्याची झडप तिने फिरवून घट्ट बंद केली. झडपेला कुलूप घातलं.

संध्याकाळपर्यंत टाक्या काठोकाठ भरल्या. मग पाणी गटारातून उलटं फिरलं आणि रंगवलेल्या फुटपाथवर आलं. भाड्याच्या कुंड्या तरंगायला लागल्या.

"झडप खोल!" कमलेशभाई ओरडले. "नाहीतर तुला काढून टाकेन!"

"काढा. पण नवीन माणूस येईपर्यंत पाणी तुमच्या केबिनमध्ये येईल. कारखाना बंद करा, नाहीतर बूट काढून बसा."

कमलेशभाईंनी बुटांकडे पाहिलं. मग वाशीच्या एका सल्लागाराला फोन लावला. त्याने फी घेऊन तेच सांगितलं. रात्रपाळी रद्द झाली.

"आता नवीन स्टाफ ऑर्डर करू," ते जरा शांत होऊन म्हणाले. "पाकिटात मिळतात ना?"

"पाकिटातले पुरणार नाहीत. मेलेला गाळ उपसायचा, क्लोरीन उडून जाऊ द्यायचं आणि दुसरीकडचा जिवंत गाळ आणून ओतायचा."

"कुठला?"

"संडासाच्या पाण्याचा सगळ्यात चांगला."

अलिबागजवळच्या एका महागड्या रिसॉर्टमध्ये सांडपाण्याचा प्रकल्प होता. तपकिरी रंगाची शिसारी येणारे कमलेशभाई स्वतः तिथे गेले आणि व्यवस्थापक ऋत्विककडे त्यांनी मैला मागितला. ऋत्विक आजवर तो उचलून नेण्यासाठी लोकांच्या विनवण्या करत असे. समोर शेठ हात जोडून उभा बघितल्यावर त्याने खुर्चीत मागे टेकून सांगितलं, "आमचा गाळ प्रीमियम आहे. वीकेंडला बुकिंग फुल असतं."

तिसऱ्या दिवशी टँकर आला. इतका खटाटोप करून मिळवलेली वस्तू म्हणून कमलेशभाईंनी गेटवर नारळ फोडला, टँकरला हळदकुंकू लावलं. वारा नेमका त्यांच्या बाजूने होता, पण पूजा अर्धी सोडता येईना.

मैत्रीने ब्लोअर सुरू केला. पहिले काही दिवस तिने कारखान्याचं पाणी घोटघोट सोडलं, बाळंतिणीला पेज द्यावी तसं. कारखाना पाव भागच चालायचा आणि साठलेलं पाणी टँकरने बाहेरच्या प्रक्रिया प्रकल्पाकडे जायचं. कमलेशभाई रोज येऊन विचारायचे, "ओव्हरटाइम नाय करत?" नव्हते करत. महिना उलटला तेव्हा पाणी चहाच्या रंगाचं झालं, फेस धरू लागलं आणि मैत्रीने झडप उघडली.

ठमीला आणि तिच्यासोबतच्या बायांना नवी जाळी मिळाली, पण सुखासुखी नाही. त्या तीन वेळा गेटवर येऊन बसल्या आणि शेवटच्या वेळी सुकट वाळत घालायला तिथेच चटया पसरल्या. त्या वासाने दुपारपर्यंत मंजुरी निघाली.

दिवाळीनंतर बिस्किटवाल्यांचं पत्र आलं. त्यांना टाकीच्या स्वच्छतेबद्दल कारखान्याला मानपत्र द्यायचं होतं, शिवाय पुन्हा भेटही द्यायची होती. कमलेशभाई मैत्रीकडे आले. या वेळी चेहऱ्यावर खरोखर पश्चात्ताप होता.

"बेन, मला समजलं. तपकिरी म्हणजे चांगलं. आता ब्लीचिंग नाय, फिनेल नाय. पाहुण्यांना खरं तेच दाखवू."

मैत्रीला बरं वाटलं. तिने त्यांना खुर्ची दिली.

"फक्त," ते हळूच म्हणाले, "पाहुणे येतील त्या दिवशी जरा आणखी तपकिरी नाय करता येणार? ठेकेदार म्हणतो, त्याच्याकडे रंग आहे."

मैत्री उठली, टाकीवर जाणाऱ्या जिन्याला तिने कुलूप लावलं आणि चावी ओढणीच्या टोकाला बांधली. मग त्यांच्यासाठी चहा मागवला.