हात काखेत

“मार पडायला लागला की हात काखेत घाल. तोंडावर घे, पाठीवर घे, बोटांवर घेऊ नकोस.” सर्जरी शिकवणारे सर पहिल्याच तासाला हे सांगायचे आणि अख्खा वर्ग हसायचा.

डॉक्टरबाईंना ते आठवलं तेव्हा वॉर्डाच्या दाराची काच फुटून त्यांच्या पायांशी आली होती. ऑपरेशनच्या टेबलावर दगावलेल्या म्हाताऱ्याचा मुलगा सलाइनचा लोखंडी स्टँड उगारून आत घुसला. आडव्या आलेल्या वॉर्डबॉयच्या तोंडावर त्याने लाथ घातली. दात फरशीवर घरंगळले. बाईंनी हात काखेत कोंबले, पाठ भिंतीला लावली. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कानावर. हात हलले नाहीत. मग स्टँड सिस्टरच्या डोक्यावर उठला. ती बिचारी गुडघ्यांवर बसून, रक्तात चाचपडत चष्मा शोधत होती. उजवा हात कधी बाहेर आला ते बाईंनाच कळलं नाही. लोखंड बोटांवर उतरलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. त्याने पुन्हा मारलं, नेमकं तिथेच.

हाडांत तारा ठोकून घेऊन बाई घरी आल्या, तर दीर दारातच बसलेला. तो विम्याचा एजंट. भाऊ गेल्यावर त्यानेच वहिनीच्या मागे लागून विमा काढायला लावला होता. दोन प्रकार समोर ठेवले होते. एकात ऑपरेशन करता येईनासं झालं की पैसे सुरू, मग खुशाल शिकवा. दुसऱ्यात कुठलंच काम जमेनासं झालं तरच. तो पहिल्यासाठी हातापाया पडला. पण बोलायला जीभ शाबूत असताना बसून खायचं आणि वर देवापुढे उभं राहायचं, हे बाईंना पटेना. त्यांनी दुसरा घेतला. “वहिनी, देव हप्ता घेत नाही, कंपनी घेते,” एवढंच तो म्हणाला होता.

आता तो टोमणे मारत नव्हता. कानावरच्या फटक्याने बाईंना उभं राहिलं की भोवळ यायची, त्यामुळे सध्या कुठलंच काम होत नाही हे खरंच होतं. सोमवारी कंपनीचा माणूस बघायला येणार होता.

“तोवर दवाखान्याची पायरी चढू नका. थिएटरात तुम्हाला कुणी नुसतं उभं पाहिलं तरी पैसे गेले. मुली आहेत, आई आहे. घर कशावर चालणार?”

पण शनिवारी शिंपीणबाईचं ऑपरेशन होतं. पोटातली गाठ थांबायला तयार नव्हती. “डोळे मिटशील तेव्हा मी उशाशी असेन, उघडशील तेव्हाही,” असा शब्द बाईंनी तिला दिला होता. सुरी हाताखालचा डॉक्टर धरणार होता, पण बाईंच्या नजरेखालीच. शिंपिणीने फोन केला तो फक्त हात कसा आहे विचारायला. ऑपरेशनचं अक्षरही न काढता तिने फोन ठेवला.

शनिवारी प्रार्थनेला बाई हात जोडायला गेल्या आणि प्लास्टर छातीवर आपटलं. कळ डोक्यात गेली. डाव्या एकट्या हाताने नमस्कार करून त्या उठल्या, भिंत धरून दारापर्यंत आल्या. सासूबाईंनी चपला पायांशी सरकवल्या.

“तुझ्या दिराने विचारलं तर काय सांगू गं?”

“कामावर गेली म्हणून सांगा.”

जिना गरगरत होता. कठडा धरून त्या एकेक पायरी उतरू लागल्या.