रिकामी फेरी

मार्गशीर्षातलं कोवळं ऊन पायरीवर उतरलेलं दिसलं की मला हमीदभाई दिसतात. मांडीवर बँजो आडवा घेऊन त्याच्या कातड्याला ऊन दाखवणारे, मधूनच नखाने टिचकी मारून कान देणारे, प्रसन्न. मिरवणुकीत बटणं दाबून वाजवतात तो हा बँजो नव्हे. हा लांब मानेचा, पाच तारांचा, अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातला, आणि जुन्या बाजारात त्यांना तो फुटक्या अवस्थेत सापडलेला. वाद्यदुरुस्ती हा त्यांचा पिढीजात धंदा, त्यामुळे हलगीला चढवावं तसं बोकडाचं कातडं त्यांनी त्यावर स्वतः चढवलं आणि हलगीसारखंच ते वाजवण्याआधी तापवायची सवय लावून घेतली.

एका गिऱ्हाइकाच्या मुलाने परदेशातून धाडलेल्या दोन कॅसेटी ऐकून ऐकून ते तिकडची गाणी शिकले, आणि मग त्याच धावत्या बोटांनी जात्यावरच्या ओव्याही वाजवू लागले. त्या स्वरांत दूरस्थ अरण्यांचा वारा आणि आपल्याकडच्या पहाटेची घरघर एकाच वेळी ऐकू येई, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा नकळत उजळे. ओवी इतकी भरभर वाजवलीत तर दळणारीला धाप लागेल, असं मी एकदा म्हटलं. पीठ तरी लवकर होईल, असं म्हणून ते पुन्हा वाजवू लागले.

स्वारगेटच्या कोलाहलापासून दोन गल्ल्या आत असलेल्या त्यांच्या दुकानात दर रविवारी सकाळी आमचं कोंडाळं जमे. ढोलकीवर पोस्टातून निवृत्त झालेले लेले, गिटारवर वारज्याहून येणारा अनिकेत, आणि मँडोलिन घेऊन मी, शाळेतली बाई. रिवाज असा की गाणं सुरू झालं की प्रत्येकाने पाळीपाळीने सोळा मात्रांची एक फेरी एकट्याने वाजवायची आणि बाकीच्यांनी हलका ठेका धरायचा. पाळी कुणाची ते हमीदभाई हनुवटीने दाखवत.

हनुवटी माझ्याकडे वळली की मी नजर चुकवत असे. तीस वर्षं वर्गापुढे बोललेली मी, तिघांपुढे एकटीने वाजवायच्या वेळी मान खाली घालून खुंट्या पिळत बसे. दुसऱ्या कुणी मला वगळलं असतं. हमीदभाई माझी फेरी रिकामी ठेवत. नुसता ठेका, पूर्ण सोळा मात्रा, आणि मगच पुढचा. "बाईंची जागा बाईंचीच," एवढंच ते म्हणत. असं नऊ वर्षं चाललं. बाईंचीच फेरी काय ती कधी बेसूर होत नाही, असा लेल्यांचा शेरा ठरलेला असे.

गेल्या पावसाळ्यात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन हमीदभाई गेले. मी खूप रडले, आणि त्या रडण्यात स्वतःवरचा राग होता. त्यांनी नऊ वर्षं वाट पाहिली आणि माझी फेरी एकदाही ऐकली नाही.

थंडी पडल्यावर त्यांच्या पत्नीने, शमीमभाभींनी, आम्हाला निरोप धाडले. रविवारी गेलो तर दुकान झाडलेलं, पायरीवर बँजो उन्हात ठेवलेला. गाणं सुरू झालं. आज जमलं नाही तर पुन्हा कधीच नाही, हे मला कळत होतं. लेल्यांची फेरी झाली, अनिकेतची झाली, आणि कुणी कुणाकडे बघेना. तेवढ्यात चहाचा ट्रे हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या भाभींनी माझ्याकडे हनुवटी वळवली, हुबेहूब हमीदभाईंसारखी.

मी ओवी वाजवली. तीन ठिकाणी चुकले, एकदा तर पार भरकटले, आणि लेले ढोलकी न थांबवता हसत राहिले. मलाही हसू आवरेना.

"चुकलात, बाई," भाभी म्हणाल्या. "पण वाजवलंत."

मग हमीदभाईंची पाळी आली. कुणी काही ठरवलं नव्हतं, तरी आम्ही तिघंही नुसता ठेका धरून राहिलो, आणि पायरीवरचं ऊन कातड्यावरून हळूहळू सरकत गेलं. आता दर रविवारी असंच होतं. त्या सोळा मात्रांपुरते हमीदभाई गेलेले नसतात. मान खाली घालून खुंट्या पिळत बसलेले असतात, आणि वाट पाहायची पाळी आमची असते.